एकाचे नऊ, दुसऱ्याचे तीन: साय-फाय मालिकेवरची उलटसुलट मतं कशी वाचावीत

मालिका एकच. एकाने दहापैकी नऊ दिले. दुसऱ्याने तीन दिले आणि वर "वेळ फुकट घालवू नका" असंही बजावलं. साय-फायच्या, म्हणजे विज्ञानकथांच्या बाबतीत हे जरा जास्तच होतं, कारण इथे प्रेक्षक एका वेळी चार-पाच गोष्टी तपासत असतो. विज्ञान पटतं का, उभं केलेलं जग खरं वाटतं का, माणसं जिवंत वाटतात का, कोडं सुटतं का, मूळ पुस्तकाशी इमान राखलंय का. कौटुंबिक मालिकेत यातले निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. म्हणून नऊवाला आणि तीनवाला बहुतेक वेळा वेगवेगळ्या विषयांचे पेपर तपासत असतात, आणि आपण मात्र त्यांचे गुण एकाच रकान्यात मांडून गोंधळतो.

पुढची पद्धत दोन कामांना उपयोगी पडते: नवी मालिका हातात घ्यायची की नाही हे ठरवताना, आणि पाहून झाल्यावर चारचौघांत वाद घालताना.

दोघांनी पाहिलंय ते एकच आहे का?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण निम्मे वाद इथेच मिटतात. कोणतंही मत वाचताना चार गोष्टी शोधा: कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने, कुठपर्यंत, कोणत्या भाषेत.

आवृत्तीचं पाहा. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' म्हटलं की एकाच्या डोळ्यांपुढे १९७८ची मालिका येते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे २००३च्या लघुमालिकेपासून २००९पर्यंत चाललेली. पात्रांची नावं बरीचशी तीच, स्वभाव पार वेगळा. 'थ्री बॉडी'चंही तसंच. एकाच चिनी कादंबरीवरून २०२३मध्ये ३० भागांची चिनी मालिका आली आणि २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर ८ भागांचा सीझन आला. "फार रेंगाळते" आणि "सगळं उरकून टाकलंय" ही दोन मतं शेजारी शेजारी दिसली, तर ती एकाच मालिकेबद्दल असतील असं धरून चालू नका. मूळ 'स्टार ट्रेक'मधली (१९६६ ते १९६९, ७९ भाग) अंतराळातली दृश्यं २००६पासून संगणकावर नव्याने केली गेली. त्यामुळे "इफेक्ट्स जुनाट" म्हणणारा आणि "त्या काळाच्या मानाने कमाल" म्हणणारा, दोघांनी वेगळी चित्रं पाहिलेली असू शकतात.

क्रमाचं उत्तम उदाहरण 'फायरफ्लाय'. २००२मध्ये वाहिनीने तिचा दोन तासांचा पहिला भाग बाजूला ठेवला, मालिका दुसऱ्याच भागापासून सुरू केली आणि तो पहिला भाग डिसेंबरात सगळ्यात शेवटी दाखवला. बनलेल्या १४ भागांपैकी त्या वेळी प्रसारित झाले ११. अंतराळजहाजावर कोण कोण आहे आणि ते एकत्र का आले, हे ज्या भागात कळतं तोच ज्यांना शेवटी दिसला, त्यांनी "पात्रं समजत नाहीत" म्हणणं साहजिक आहे. नंतर योग्य क्रमाने पाहणाऱ्याला ही तक्रार कळतच नाही. जुनी मालिका सुरू करण्याआधी प्रसारणाचा क्रम आणि निर्मात्यांना हवा असलेला क्रम एकच आहे का, हे दोन मिनिटं घालवून तपासा.

कुठपर्यंत पाहिलं, हा या चारांतला सगळ्यात कळीचा मुद्दा. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' १९८७मध्ये सुरू झाली आणि सात सीझन चालली. तिचे पहिले दोन सीझन अडखळत गेले. त्यातच १९८८मध्ये अमेरिकेतल्या पटकथाकारांचा संप झाला, दुसरा सीझन २२ भागांवर आटोपला, आणि त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या भागांतले तुकडे जोडून उभा केला. तिसऱ्या सीझनपासून तीच मालिका वेगळ्याच उंचीवर गेली. तेव्हा "कंटाळवाणी" म्हणणारा सीझन एकमध्ये उतरला होता आणि "सर्वोत्तम" म्हणणारा सातव्यापर्यंत बसला होता. ज्या मतात सीझन आणि भागाचा आकडा नाही, त्याचं वजन निम्मं धरा.

भाषा. 'डार्क' (२०१७ ते २०२०, तीन सीझन, २६ भाग) मूळ जर्मन आहे. "अभिनय लाकडी" ही तक्रार दिसली की बोलणाऱ्याने डब केलेली आवृत्ती पाहिली का, ते विचारा. खात्री करायची तर एकच पाच मिनिटांचा संवादाचा प्रसंग आधी डबमध्ये आणि मग मूळ आवाजात सबटायटल लावून पाहा. फरक लगेच कळतो. याच मालिकेबद्दलची दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "काही कळत नाही". तीच माणसं १९५३, १९८६ आणि २०१९ अशा वर्षांत वेगवेगळ्या वयात भेटतात, प्रत्येक वयाला वेगळा नट. समोर कागद ठेवून नाव, घराणं आणि वर्ष असे तीन रकाने भरत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत धागे हाताशी येतात. फोन चाळत पाहणाऱ्याला ही मालिका माफ करत नाही. अशा प्रेक्षकाचा "गोंधळ" हा शेरा मालिकेच्या खात्यात टाकण्याआधी दोनदा विचार करा.

आकड्यांत काय दडलंय

टक्के आणि सरासरी यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. समीक्षा गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरचा टक्क्याचा आकडा म्हणजे किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच. कितपत अनुकूल, ते त्यात नसतं. दहा समीक्षकांनी "ठीक आहे, बघायला हरकत नाही" म्हणत दहापैकी सहा-सहा दिले आणि ते अनुकूल धरले गेले, तर आकडा लागतो १०० टक्के. 'मेटाक्रिटिक' हे तसंच दुसरं संकेतस्थळ गुणांची भारित सरासरी (काही मतांना जास्त वजन देऊन) काढतं, तिथे हीच मालिका साठच्या आसपास दिसेल. म्हणजे १०० आणि ६० हे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर.

सरासरीतही फसगत आहेच. दहा जणांनी सहा-सहा दिले तर सरासरी ६. पाच जणांनी दहा दिले आणि पाच जणांनी दोन, तरी सरासरी ६. पहिली मालिका कोणालाच फार आवडली नाही आणि कोणालाच टोचली नाही. दुसरीने घर फोडलंय. साय-फायमध्ये दुसरीच शोधण्यासारखी असते, कारण तुम्ही त्या पाचांपैकी निघालात तर वर्षाची मेजवानी मिळते. त्यामुळे प्रेक्षक जिथे गुण देतात त्या आयएमडीबी संकेतस्थळावर नुसता आकडा पाहून परत फिरू नका. त्यावर टिचकी मारली की कोणी किती गुण दिले त्याचे पट्टे दिसतात. पट्टे मधे फुगलेले असतील तर मालिका मध्यम. दोन्ही टोकांना उंच असतील तर मतं का फुटली, ते शोधायला लागा. (तिथला मुख्य आकडा ही साधी सरासरी नसते, वेगवेगळ्या मतांना वेगळं वजन देऊन तो काढतात. पट्ट्यांवरून आकडेमोड केली आणि जुळली नाही तर चक्रावू नका.)

मग भागवार गुण पाहा. इथे एक खोड लक्षात ठेवा: पुढच्या सीझनचे गुण आपोआप चढतात. पाचव्या सीझनला गुण देतो तो चार सीझन टिकलेला माणूस. ज्यांना आवडली नाही ते कधीच उठून गेले, त्यांचे तीन-चार गुण पाचव्या सीझनच्या खात्यात येतच नाहीत. तेव्हा पहिला सीझन ७.८ आणि पाचवा ८.६ असं दिसलं तर मालिका सुधारलीच असेल असं नाही, गर्दी गाळली गेली असेल. याउलट टिकलेल्या भक्तांनीही शेवटच्या भागाला गुण कापले असतील, तर ती घसरण गांभीर्याने घ्या.

ठरवून केलेली गुणांची कत्तल ओळखायला घड्याळ पुरतं. आठ भाग, प्रत्येकी ५० मिनिटं, म्हणजे ४०० मिनिटं, सहा तास चाळीस मिनिटं. मालिका आल्यानंतर दोन तासांत अख्ख्या सीझनला एक गुण देणाऱ्याने तो पाहिलेला असणं शक्य नाही. दहा देणाऱ्यानेही नाही, हे विसरू नका. भक्तही तेवढेच उतावळे असतात. म्हणून पहिल्या आठवड्याचा आकडा सोडून द्या आणि महिन्याभराने परत पाहा.

लेखी मतं वाचायची असतील तर दहावाली आणि एकवाली बाजूला ठेवून चार ते सात गुणांमधली सात-आठ मतं वाचा. ती लिहिणाऱ्यांना काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही सांगायचं असतं.

एक मत सोलून पाहू

समजा असा शेरा समोर आला:

"काय बकवास! दोन एपिसोड पाहिले, कोण कुठे कशासाठी चाललंय पत्ता नाही. विज्ञानाच्या नावाने शंख. स्पेसशिपमध्ये सगळे आरामात चालतायत, ग्रॅव्हिटी काय आकाशातून पडली? हिरोईन मात्र जबरदस्त."

यात चार वेगळे निकाल आहेत. दोन भागच पाहिलेत, हा आवाका. कथानकाची मांडणी उलगडत नाही, ही पटकथेबद्दलची तक्रार, पण दोन भागांवरून केलेली, म्हणून कच्ची. गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा विज्ञानाचा आहे आणि तो आपल्याला घरबसल्या तपासता येतो. आणि अभिनयाला पसंती. "बकवास" या शब्दात माहिती शून्य, तो खोडून टाका. उरलेल्या चार ओळींतली जी तुमच्या आवडीशी संबंधित आहे तेवढीच ठेवा. तुम्हाला पात्रं महत्त्वाची असतील तर हा शेरा चक्क शिफारस आहे.

तो गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा आता तपासूच. जहाजात माणसं जमिनीवर चालताना दिसली की तीन शक्यता असतात.

पहिली, जहाज किंवा स्थानक गोल फिरतंय. तसं असेल तर हिशोब सोपा आहे. पृथ्वीइतकं वजन जाणवण्यासाठी मिनिटाला किती फेऱ्या लागतील ते काढायला ३० या आकड्याला त्रिज्येच्या वर्गमुळाने भागा, त्रिज्या मीटरमध्ये. त्रिज्या १०० मीटर असेल तर वर्गमूळ १०, म्हणजे मिनिटाला ३ फेऱ्या, २० सेकंदांना एक. आता दृश्य थांबवा, खिडकीची किंवा दाराची उंची दोन-अडीच मीटर धरून चाकाची त्रिज्या अंदाजा, मग दृश्य चालू करून एका फेरीला किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. चाक १०० मीटर त्रिज्येचं दिसतंय आणि फेरीला दीड मिनिट लागतंय, तर आतली माणसं पिसासारखी हलकी हवीत. त्रिज्या १० मीटरच असेल तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतील. इतक्या वेगात माणसाचं डोकं गरगरणार, शिवाय उभ्या माणसाच्या डोक्याला पायांपेक्षा सुमारे १७ टक्के कमी ओढ जाणवणार. छोट्या जहाजातलं फिरतं चाक म्हणूनच संशयास्पद.

दुसरी शक्यता, इंजिन सतत ढकलतंय. 'द एक्सपान्स'मधली जहाजं अशी आहेत, आणि त्यांचे मजले उंच इमारतीसारखे एकावर एक रचलेत, इंजिन तळघराच्या जागी. पाय कुठे टेकतील याचा विचार करून केलेली ही रचना आहे. इंजिन बंद झालं की माणसं तरंगायला लागली पाहिजेत, आणि तिथे तरंगतात. प्रवासाचा वेळही तपासता येतो. पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने निम्मी वाट वेग वाढवत आणि निम्मी कमी करत गेलं, तर पावणेआठ कोटी किलोमीटरला सुमारे ५० तास लागतात. म्हणजे मंगळ जवळ असताना दोन दिवसांत पोचणं गणितात बसतं. एवढा वेळ जळणारं इंधन आणायचं कुठून, ते मात्र बसत नाही. ती त्या मालिकेने मागितलेली सवलत.

तिसरी शक्यता, काहीच कारण दिलेलं नाही. इथे लगेच गुण कापू नका. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे उभी राहतात, ते यंत्र सुचण्यामागे पैशाची अडचण होती: दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. चालणारी माणसंही तशीच स्वस्त पडतात, तरंगणाऱ्या माणसासाठी तारा लागतात. ही नाटकातल्या पडद्यासारखी सोय आहे. जंगल म्हणून रंगवलेला पडदा पाहून आपण "पानं हलत नाहीत" म्हणत नाही.

गुण कापावेत ते चौथ्याच गोष्टीसाठी: मालिकेने स्वतःच घातलेला नियम स्वतः मोडला तर. चौथ्या भागात पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोचायला वेळ लागतो म्हणून कोणाचा तरी जीव जातो (प्रकाशाला त्यासाठी अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतातच), आणि नवव्या भागात तिथलाच माणूस व्हिडिओ कॉलवर तोंडाला तोंड देऊन भांडतो. हा खरा घोळ. अवकाशातल्या स्फोटाचा आवाज पहिल्या भागापासून शेवटपर्यंत ऐकू येत असेल तर तो त्या जगाचा पायंडा आहे, चालवून घ्या. विज्ञानावरून आरडाओरड करणाऱ्या मतात "खऱ्या जगात असं नसतं" एवढंच असेल तर ते हलकं. "मालिकेनेच आधी असं सांगितलं होतं" असं असेल, भागाच्या आकड्यासकट असेल, तर ते जड.

पुस्तक वाचलेल्यांचं मत कायम वेगळं ठेवा. ते पडद्यावर जे नाही तेही पाहत असतात. मालिका उभी राहते का, हे न वाचलेल्याकडून विचारावं. काय गळलं, ते वाचलेल्याकडून.

आणि एकाच मालिकेत दोन मालिका असतील तर त्या वेगळ्या करा. 'द एक्स-फाइल्स'मध्ये (सुरुवात १९९३) काही भाग परग्रहवासी आणि सरकारी कारस्थानाच्या सलग कथेचे, आणि बाकीचे दर वेळी नवा राक्षस, नवं गूढ, तासाभरात निकाल. एका गटाला सलग कथा हवी असते आणि राक्षसांचे भाग भरताड वाटतात, दुसऱ्या गटाचं नेमकं उलट. "मालिका नंतर घसरली" असं कोणी म्हणालं तर दोनांपैकी कोणती, ते विचारा.

शेवटावरची भांडणं

इथून पुढच्या दोन परिच्छेदांत 'लॉस्ट' आणि 'बॅटलस्टार'चा शेवट थोडा फुटतो. ज्यांना पाहायच्या आहेत त्यांनी थेट पुढच्या मथळ्याकडे जावं.

शेवट आवडला नाही आणि शेवट कळला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. विमान अपघातानंतर बेटावर अडकलेल्यांच्या 'लॉस्ट'चा शेवटचा भाग २३ मे २०१० रोजी दाखवला गेला. श्रेयनामावलीच्या वेळी वाहिनीने किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची रिकामी दृश्यं लावली. हेतू एवढाच, की जड शेवटानंतर जाहिरात लगेच आदळू नये. पण अनेकांनी त्याचा अर्थ लावला की सगळे पहिल्याच अपघातात मेले होते आणि सहा सीझन भास होता. त्याच भागातल्या चर्चमधल्या संवादात याच्या उलट सांगितलेलं आहे. तेव्हा "ते सगळे आधीच मेलेले होते, फसवलं" असं मत दिसलं की ते गुणांच्या हिशोबातून काढा. ते मालिकेवरचं मतच नाही. "बेटावरच्या इतक्या प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत" हे मात्र मत आहे, आणि त्यावर वाद होऊ शकतो.

'बॅटलस्टार'च्या शेवटाबद्दलची तक्रार वेगळी. विज्ञानकथेत ऐनवेळी दैवी हात आणला, असं एक गट म्हणतो. अशा आरोपाची चाचणी एकच: मागे जाऊन बी पेरलेलं आहे का ते पाहायचं. तिथे ते आहे. ज्यात शत्रू दर ३३ मिनिटांनी हल्ला करतो त्या '३३' नावाच्या पहिल्या नियमित भागापासून देवाच्या इच्छेची भाषा चालू आहे. म्हणजे "ऐनवेळी" हा आरोप टिकत नाही. "आधीपासून होतं, तरी मला उत्तर म्हणून पटलं नाही" हे टिकतं, आणि त्याला कोणी खोडू शकत नाही.

रहस्यावर चालणारी मालिका पाहत असाल तर पहिल्या भागापासून प्रश्नांचं खातं ठेवा. वहीत डावीकडे प्रश्न आणि तो ज्या भागात पडला त्याचा आकडा, उजवीकडे उत्तर आणि त्याचा आकडा. सीझन संपताना मोजा. पंधरा प्रश्न उघडले आणि नऊ मिटले, उरलेल्या सहांपैकी चार पुढच्या सीझनसाठी स्पष्टपणे राखून ठेवलेत, तर तब्येत ठणठणीत. पंधरा उघडले, तीन मिटले आणि त्या तीन उत्तरांतून सहा नवे प्रश्न निघाले, तर लेखकांकडे नकाशा नसण्याची शक्यता दाट. "काहीच उलगडत नाही" विरुद्ध "धीर धरा" या वादात असं खातं पुढे टाकलं की आवाज खाली येतात.

पडदा आणि आवाज

काही तक्रारी मालिकेच्या नसून टीव्हीच्या असतात.

"सगळं स्वस्त सोपसारखं दिसतं": टीव्ही मधल्या मधे नकली फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतोय. चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमचं असतं, त्याची झाक या करामतीत जाते. कंपनीगणिक या सोयीचं नाव वेगळं असतं, बहुतेकांत 'मोशन' हा शब्द सापडतो. ती बंद करा किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा.

"अंधारात काही दिसत नाही": एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं) चित्र कमी उजेडाच्या पडद्यावर मंद दिसतं. खोलीतला उजेड कमी करा आणि टीव्हीचा वीज वाचवणारा मोड बंद करा.

"संवाद ऐकू येत नाहीत, स्फोट मात्र कानठळ्या बसवतात": अनेक स्पीकरसाठी बनवलेल्या ५.१ आवाजात बोलणं मधल्या स्पीकरसाठी वेगळं ठेवलेलं असतं. टीव्हीचे दोनच स्पीकर सगळं एकत्र करतात आणि बोलणं संगीताखाली दबतं. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा, किंवा संवाद उठावदार करणारी सोय किंवा नाइट मोड चालू करा.

एवढं करूनही तक्रार उरली तर ती दिग्दर्शकाच्या नावावर.

किती भाग पाहून ठरवायचं

पहिला भाग अनेकदा वाहिनीला मालिका विकण्यासाठी, महिनोन् महिने आधी, वेगळ्या पैशात बनलेला असतो. 'स्टार ट्रेक'चा पहिला पायलट, म्हणजे असा नमुना भाग, वाहिनीने नाकारला होता, दुसऱ्यांदा बनवताना त्यातलं स्पॉक हे एकच पात्र त्याच नटासह टिकलं. शितावरून भाताची परीक्षा होते ती शीत त्याच पातेल्यातलं असेल तर. पायलट बरेचदा दुसऱ्या चुलीवर शिजलेला असतो.

सुट्या कथांच्या मालिकांना सलग पाहण्याची गरजच नाही. 'द ट्वायलाइट झोन' (१९५९ ते १९६४, १५६ भाग) किंवा 'ब्लॅक मिरर' (२०११पासून) यांच्यासाठी वेगवेगळ्या सीझनमधले तीन भाग निवडा. 'ब्लॅक मिरर'चा पहिलाच भाग अनेकांना इतका किळसवाणा वाटतो की ते दुसऱ्याकडे वळतच नाहीत. शिवाय त्यात भविष्यातलं तंत्रज्ञान जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्यावरून मालिकेचा अंदाज येत नाही. तो मागे ठेवला तर काही बिघडत नाही.

सलग कथेला चार भाग द्या. 'द एक्सपान्स'ला तर चार लागतातच. पहिल्या तिघांत नावं, ग्रह आणि गट यांची ओळखपरेड चालते, चौथ्यात गोष्ट पेट घेते. चौथ्यानंतरही एकाही पात्राचं पुढे काय होतं याची उत्सुकता नसेल तर बिनधास्त सोडा.

"एक सीझन कसाबसा काढा, मग मजा आहे" हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो थोडा अन्यायाचा आहे. ४४ मिनिटांचे २२ भाग म्हणजे सोळा तास. 'बॅबिलॉन ५'सारख्या (१९९४ ते १९९८, ११० भाग) पाच वर्षांची कथा आधी आखून केलेल्या मालिकेत पहिल्या सीझनमधल्या बारीक गोष्टी पुढे उगवतात, हे खरं. तरी सल्ला देणाऱ्याला एवढं विचारा: "पहिल्या सीझनमधले न चुकवण्यासारखे पाच-सहा भाग कोणते?" मालिका नीट पाहिलेला माणूस यादी देतो. "सगळेच" म्हणणाऱ्याकडे प्रेम आहे, पण सल्ला नाही.

चारचौघं जमून वाद घालायचा असेल तर

सहा ते आठ जण, एका बैठकीला दोन भाग. भाग संपला की बोलण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर पाच आकडे लिहायचे: विज्ञान, जग, पात्रं, कथा, शेवट. आधी बोलणं झालं तर सगळे पहिल्या बोलणाऱ्याच्या आसपास गुण देतात, म्हणून चिठ्ठी आधी.

चिठ्ठ्या फळ्यावर उतरवा आणि सरासरीच्या मागे लागू नका, सगळ्यात जास्त फाटलेला रकाना शोधा. विज्ञानाला ७, ७, ६, ८, ७, ७ आले असतील तर त्यावर बोलण्यासारखं काही नाही. शेवटाला २, ९, ३, ८, ९, २ आले असतील (सरासरी ५.५, म्हणजे कोणाचंच मत नाही!) तर तिथून सुरुवात करा. आधी सर्वांत कमी देणारा, मग सर्वांत जास्त देणारा, दोन-दोन मिनिटं, मधे कोणी तोंड घालायचं नाही. नियम एकच: प्रत्येक विधानाला प्रसंग जोडायचा. "पात्रं उथळ आहेत" चालणार नाही. "बहीण मेल्याचं कळल्यावर पुढच्याच दृश्यात तो विनोद करतो" चालेल. प्रसंग ठेवला की समोरचा तोच प्रसंग काढून दाखवतो, आणि कधी कधी त्यात तो विनोद करताना हात थरथरताना दिसतो.

बिघडतं कुठे? पुढचं पाहून आलेला माणूस फुटतो, म्हणून किती भागांपर्यंत बोलायचं ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. "पुढे कळेल" म्हणून सूचक हसणं हाही स्पॉइलरच धरा. पुस्तक वाचलेल्याला शेवटी पाच मिनिटं वेगळी द्या, नाहीतर तो दर वाक्याला "पुस्तकात असं नाहीये" घालतो. अख्खा सीझन एका रात्रीत संपवणारा आणि आठवड्याला एक भाग पाहणारा एकाच बैठकीत असतील तर वेगाच्या मुद्द्यावर त्यांचं कधीच जुळणार नाही. एकाला मधला आठवडाभर तर्क लढवायला मिळालेत, दुसऱ्याला नाहीत. 'वेस्टवर्ल्ड'च्या पहिल्या सीझनमधला (२०१६) मोठा धक्का आठवड्यागणिक पाहणाऱ्या अनेकांनी आधीच ओळखला होता. नंतर सलग पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो बसला.

स्वतःचं मत कुठे लिहिणार असाल तर पहिल्या ओळीत हिशोब मांडा: "सीझन २, भाग ६पर्यंत, मूळ आवाजात, पुस्तक वाचलेलं नाही." मग पाच रकान्यांचे पाच आकडे. त्याखाली आवडलेला एक प्रसंग, खटकलेला एक प्रसंग, दोन्ही भागाच्या आकड्यासह. एकूण गुण द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी, आणि पाच रकान्यांपैकी कोणाला तुम्ही जास्त वजन देता तेही सांगून. वर्षभराने तीच मालिका परत पाहिली आणि गुण बदलले तर जुना आकडा खोडू नका, शेजारी तारीख घालून नवा लिहा.